पाणी कुणी बंद केलं

घटना-अहवाल. रकाना चौथा:
धोका प्रथम कोणाच्या लक्षात आला?
एकच नाव लिहावे.

सकाळचे सहा. अल रम्सच्या खाडीवर
धुकं आहे की बाष्प, कळत नाही.
मी पेनाचं टोपण चावत बसलेय.
समुद्रातलं मीठ काढून गावाला पाजणारा हा कारखाना
रात्री दोन वाजून अठरा मिनिटांनी आम्ही थांबवला.
आम्ही म्हणजे कोण,
एवढंच विचारलंय.

यंत्राचं नाव घालू?
दोनच्या ठोक्याला त्यानं पडद्यावर लिहिलं होतं:
पाण्याचा रंग फिरतोय, खात्री बासष्ट टक्के.
बासष्ट टक्क्यांवर कुणी गावाचं पाणी तोडत नाही.
एल्धोस म्हणाला, मी तर मुलीचं लग्नही ठरवणार नाही.

मग घानिमचा फोन.
गुडघे गेलेले, होडी न सोडलेली.
वल्हं मारलं की निळी ठिणगी उडते, म्हणाला, ती रोजचीच.
आज विझत नाही.
आणि तुमच्या जाळीवरचे पाणकावळे
काल दुपारपासून कुठं गेलेत, पाहिलंत?

नव्हतं पाहिलं.
कॅमेऱ्यानं पाहिलं होतं,
पण पक्षी नसणं हेही काही दिसणं असतं
हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मी दार उघडून बाहेर गेले.
वारा पडलेला. आणि तो वास.
दाभोळची खाडी, मी नऊ वर्षांची,
बोयटं पोट वर करून किनाऱ्याला लागली होती
त्या सकाळचा.
आत येऊन म्हटलं, बंद करा.
एल्धोसनं चावी फिरवली.
पंप थांबले तेव्हा कळलं
इतकी वर्षं आपण किती मोठ्यानं बोलत होतो.

मग माझंच नाव?
पण तो फोन आला नसता
तर मी दार कशाला उघडलं असतं.
आणि पडद्यावर बासष्ट नसते
तर घानिमला म्हटलं असतं, बाबा, झोपा.

त्या बासष्टात तरी एकटं कोण होतं?
वारलेल्या मुस्तजाबच्या नोंदवह्या होत्या,
सतरा वर्षं, दिवसातून तीनदा पाण्याचा ताप,
समासात भाजीचा हिशेब.
यंत्रानं भाजीसकट वाचलं असणार.
घानिमच्या बापानं सांगितलेली वाऱ्यांची लक्षणं होती,
कुणा मुलीनं महिनाभर ओट्यावर बसून टिपलेली.
आणि घानिमला सांगितलं पाणकावळ्यांनी,
त्यांना तारल्यांनी,
तारल्यांना कल्ल्यात अडकलेल्या श्वासानं.
पलीकडे तिवरं,
चिखलातून नाकं वर काढून उभी.
त्यांना कुणी विचारलंच नाही.

घानिम नाखुदा म्हणतो, माझे मामा नाखवा.
शब्द कुठल्या काठाचा, कुठल्या गलबतातून उतरला,
कुणी रकाना भरून ठेवला नाही.
होड्या तरी चालल्याच.

आठ वाजता गावात नळ सुटले, टाकीतल्या पाण्यावर.
कुणाला काही कळलं नाही. चहा झाले.
चौथा रकाना मी कोरा ठेवला.
संगणकानं तो तसाच परत पाठवला:
नाव आवश्यक आहे.

तेवढ्यात यंत्राचा प्रश्न आला.
रात्रीच्या नोंदीत वासाचा उल्लेख आहे,
मला नाक नाही,
कृपया वर्णन करावे.
मी लिहिलं: ओलं पोतं, उन्हात विसरलेलं,
त्यात थोडी दाढेखालची लवंग.
घानिमला फोनवर वाचून दाखवलं.
तो हसला. पोतं कसलं?
जुनं तांब्याचं नाणं जिभेवर ठेव, तसा.

यंत्रानं दोन्ही ठेवलं.
खरं कुठलं, विचारलं नाही.
दुपारी पाहिलं तर खाली तिसरी ओळ होती,
एल्धोसच्या हातची:
मला काहीच वास आला नव्हता,
हिचा चेहरा पाहून चावी फिरवली.